आत स्वच्छ

सुशीलने ते मशीन तिसऱ्यांदा काउंटरवर आणून ठेवलं तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं होती, आणि हैबतरावांना रंगात यायला चार गिऱ्हाइकं पुरेशी असतात.

"सुमय्या! तुझं लेकरू परत आलं बघ माहेरी!"

सगळे हसले. सुमय्या हसली नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून तिचं दुरुस्तीचं टेबल होतं, तिथून ती उठून पुढे आली आणि मशीनवर हात ठेवून उभी राहिली. लेकरू म्हटलं ते काही खोटं नव्हतं. गेल्या दिवाळीत हा कॉम्प्युटर तिनेच जोडला होता, पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या वायरीपर्यंत. सुशीलचा पेणजवळ हमरापूरला गणपतीचा कारखाना. सासुरवाडी रोह्याची, म्हणून खरेदी रोह्यात. मूर्तीचं चित्र आधी कॉम्प्युटरवर करायचं, गिऱ्हाइकाला फोनवर पाठवायचं, पसंत पडलं की साच्याला हात घालायचा, अशी त्याची नवी पद्धत होती. आणि त्या पद्धतीचं पार वाटोळं होत आलं होतं, कारण मशीन चालता चालता बंद पडत होतं. स्क्रीन निळा होत नव्हता, सूचना येत नव्हती, कुठलाही आवाज होत नव्हता. नुसता अंधार. मग पाचदहा मिनिटांनी बटण दाबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

"कालपासून चारदा," सुशील म्हणाला. तो भांडायच्या तयारीने आला होता, पण सुमय्याचा चेहरा बघून आवाज थोडा उतरला. "मॅडम, तुम्ही बोललात बरा झालाय. बरा काय झालाय?"

पहिल्यांदा आलं तेव्हा सुमय्याने ते दोन दिवस टेबलावर चालवलं होतं. बंद पडलं नाही. दुसऱ्यांदा आलं तेव्हा रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, प्रोसेसरवरची पेस्ट नवी लावली, मुद्दाम त्याच्यावर जड काम टाकून तीन दिवस राबवलं. बंद पडलं नाही. मग स्वतः हमरापूरला जाऊन जोडून दिलं, तिथली लाईट मीटर लावून तपासली, अर्थिंग तपासलं, तीन तास समोर बसली. तेव्हाही बंद पडलं नाही. ती रोह्याला परत यायच्या आत सुशीलचा फोन आला होता.

"बोर्ड गेलाय," हैबतराव म्हणाले.

हैबतराव पूर्वी टीव्ही विकायचे. तेव्हा ते "पिक्चर ट्यूब गेली" म्हणायचे, आता "बोर्ड गेलाय" म्हणतात. मशीन कुठलंही असो, निकाल दोन मिनिटांत. एकदा एका मास्तरांचा प्रिंटर कागद संपला म्हणून छापत नव्हता, तेव्हाही बोर्डच गेला होता.

"बोर्ड गेला नाय शेठ," सुमय्या म्हणाली.

"मग काय गेलंय?"

"मशीनमध्ये दोष नाय."

सुशील मशीनकडे बघायला लागला, आणि हैबतरावांच्या कपाळावरची शीर उठली. कारण मालकाचं बोलणं चारचौघांत खोडून काढायचं, तेही पगारी माणसाने, तेही बाईने, हे त्यांच्या दुकानात बसत नव्हतं.

"असं?" ते म्हणाले. "आज शुक्रवार. उद्या दुकान बंद व्हायच्या आत मला दोष दाखव. नाय दाखवलास तर सोमवारपासून टेबलावर आदर्श बसेल. तू काउंटर सांभाळ. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. बाईमाणसाला बरं पण पडतं ते."

आदर्श म्हणजे हैबतरावांचा भाचा. माणूस वाईट नव्हता, पण सहा महिन्यांपासून येता जाता त्या टेबलाकडे बघत होता, हे सुमय्याला दिसत होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. या दुकानात ती आली ती झेरॉक्स काढायलाच. सहा वर्षांपूर्वी दुकानाचाच कॉम्प्युटर बसला, दोन कारागीर हात टेकून गेले, तेव्हा तिने दुपारी कुणाला न विचारता तो उघडला आणि संध्याकाळी चालू करून दिला. त्या दिवशी टेबल तिचं झालं. खालिद, तिचा थोरला भाऊ, कुवेतला असतो. त्याने येताना स्क्रू-ड्रायव्हरचा सेट आणला, अम्मीने नाक मुरडलं, "बहिणीला सोनं आणतात, याने खिळे-पाने आणले," आणि तो सेट त्या टेबलाच्या खणात गेला तो तिथलाच झाला. ते टेबल सोडून ती पुन्हा लोकांच्या आधार कार्डांना प्लास्टिक चढवत बसणार होती? शक्यच नाही.

"उद्या दाखवते," ती म्हणाली. "पण टेबल सोडणार नाय."

या दुकानात एक शिस्त मात्र चांगली होती, आणि ती हैबतरावांचीच. आलेलं मशीन गिऱ्हाइकासमोर उघडायचं आणि आत काय सापडलं ते वहीत लिहायचं, म्हणजे उद्या "तुम्हीच बिघडवलं" असं कुणी म्हणायला नको. रोह्याच्या माणसांचा सगळा संसार त्या वहीत होता. आत मुंग्या. आत पालीचं पिल्लू, मेलेलं. आत धूळ, भरपूर. आत तंबाखूची पुडी, आणि पुढे कंसात, मालक नाही म्हणतात.

सुमय्याने सुशीलसमोर मशीन उघडलं. पंखा फिरवून पाहिला, जाळीवर बोट फिरवलं, वही ओढली आणि लिहिलं: आत स्वच्छ. लिहिता लिहिता सवयीने मागची पानं चाळली. पहिल्या वेळची नोंद, तिच्याच अक्षरात: आत स्वच्छ. दुसऱ्या वेळची: आत स्वच्छ.

ती थांबली. खाली वाकून तिने फरशीकडे पाहिलं. दारापासून काउंटरपर्यंत सुशीलच्या चपलांचे पांढरे ठसे उमटले होते. त्याच्या भुवया पांढऱ्या, मनगटावरचे केस पांढरे, कानाच्या पाळीच्या आतसुद्धा प्लास्टर. हा माणूस आंघोळ करून, तासभर गाडी चालवून आला तरी कारखाना अंगावर घेऊन येतो. आणि त्याच कारखान्यात आठ महिने राहिलेल्या मशीनच्या आत चिमूटभर धूळ नाही?

"सुशीलभाऊ, तुम्ही हे आतून साफ करता?"

"उघडत पण नाय. मला काय कळतंय त्यातलं?"

"याच्या बाबतीत वेगळं असं काही करता?"

"वेगळं काय करणार? चालू करतो, काम करतो, बंद पडतो, शिव्या घालतो." मग त्याला काहीतरी आठवलं. "एक सांगू का? तुम्ही बसला होतात तेव्हा गुमान चालला. तुम्ही गेलात आणि पडला. तुम्हाला भितो तो."

तो हसला, पण सुमय्याने ते बोलणं गाठीशी बांधून ठेवलं. मशीन बंद करून तिने त्याच्या हवाली केलं. "घेऊन जा. लावून ठेवा. उद्या सकाळी मी येते."

"येऊ दे तिला," हैबतराव काउंटरवरून म्हणाले. "तेवढीच सहल."

शनिवारी सकाळी सातच्या एसटीने सुमय्या निघाली. नागोठण्यापर्यंत बरी आली, गडबला अर्धा तास अडकली, वडखळच्या पुढे पुन्हा अडकली. गाडीत तिने एकच हिशोब घातला. मशीन रोह्यात बंद पडत नाही. हमरापुरात ती समोर असताना बंद पडत नाही. ती नसताना पडतं. म्हणजे ती नसताना तिथे असं काहीतरी होतं, जे तिथल्या माणसांना सांगण्यासारखंसुद्धा वाटत नाही. भूतबीत तिला मान्य नव्हतं. पेणच्या रामवाडीला उतरून ती मिनीडोर रिक्षात बसली आणि साडेनऊला सुशीलच्या कारखान्यात पोचली.

कारखाना म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. एका बाजूला साचे, दुसऱ्या बाजूला बायका पॉलिश पेपरने मूर्ती घासत बसलेल्या, आणि हवेत पांढरं उडत असलेलं. रंगून पुऱ्या झालेल्या मूर्तींच्या रांगा भिंतीला लागून, प्लास्टिकच्या मोठ्या कागदाखाली. पलीकडच्या कोपऱ्यात टेबलावर कॉम्प्युटर. सुमय्या गल्लीच्या तोंडाशी दिसली तेव्हाच सुशीलची आई, शांतीमावशी, अंगणातून ओरडली होती, "सुशील, मॅडम आल्या रं!" आणि ती आत पोचेपर्यंत तिच्यासाठी खुर्ची पुसून झाली होती, टेबल झाडून झालं होतं, पायाखालची धूळ पाणी शिंपडून बसवली होती. मागच्या वेळीही हेच झालं होतं.

"ये गो, बस. च्या ठेवते," शांतीमावशी म्हणाली. साठीची बाई, अंगाने बारीक, आवाजाने मोठी. कप आणला तेव्हा तिचा उजवा हात थरथरत होता आणि बशीत चहा सांडला. तिने तो कुणाचं लक्ष नाही असं बघून पदराने पुसला.

सुशीलने मशीन सुरू केलं. स्क्रीनवर गणपतीचा चेहरा आला, पुरा रंगलेला, डोळे आखलेला. असे डोळे सुमय्याने पाहिले नव्हते. घरात आलेल्या माणसाकडे घरचं कुणी बघावं तसे ते बघत होते.

"आता शिजायला लावतो," सुशील म्हणाला. मूर्तीचं पुरं चित्र, उजेड-सावलीसकट, कॉम्प्युटरने तयार करायचं म्हणजे त्याच्या भाषेत शिजायला लावणं. दीड तास लागतो. मशीनला सगळ्यात जड जातं ते हेच काम.

सुमय्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात आतल्या तापमानाचा आकडा लावून ठेवला आणि हाताची घडी घालून समोर बसली. एकाहत्तर. बाहत्तर. बाहत्तर. मशीन भरल्या पोटी झोपलेल्या माणसासारखं संथ चाललं होतं. सव्वाअकराला पहिलं चित्र तयार झालं. सुशीलने दुसरं लावलं. घासणाऱ्या बायका मधूनच तिच्याकडे बघून आपसात हसत होत्या, आणि हसण्यासारखंच होतं ते. रोह्याहून बाई आली आणि चालू कॉम्प्युटरकडे बघत बसली.

साडेबाराला हैबतरावांचा फोन आला.

"सापडलं?"

"नाय अजून."

"मग ये परत. आदर्शला टेबल दाखवून ठेवू, सोमवारी खोळंबा नको."

"टेबल त्याला येता जाता दिसतंय, शेठ. आता आणखी काय दाखवायचं?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

एक वाजता शांतीमावशी दारात येऊन उभी राहिली. "चल गो, जेवायला."

"मी उठणार नाय मावशी. मला याच्यावर लक्ष ठेवायचंय."

"लक्ष काय पळून जातंय?"

"भूक नाय मला."

"या घरातनं दुपारचं कोन उपाशी गेलं नाय. तू नाय जेवलीस तर मी पन नाय जेवनार."

"खरंच नाय जेवत ती," सुशील म्हणाला. "मागे विम्याचा एजंट आलेला, तो नको नको बोलत राहिला. चार वाजेपर्यंत उपाशी बसली. शेवटी त्यालाच लाज वाटली."

सुमय्याने पुन्हा नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिला कालचं बोलणं आठवलं. तुम्ही गेलात आणि पडला. ती इथे ठाण मांडून बसली होती, आणि तिच्या बसण्यानेच सगळं बिघडत होतं. ती समोर आहे तोवर पाहुणी समोर आहे. पाहुणी समोर असताना या घरातलं कुणीही रोजच्यासारखं वागणार नव्हतं.

ती उठली. "जेवते. पण सुशीलभाऊ, मशीन चालूच ठेवा. नवीन शिजायला लावा. आणि रोज जेवायला जाताना जे जे करता ते सगळं करा. मी आलेच नाय असं समजा."

"रोज काय करतो? उठतो आणि जातो."

"मग तेच करा."

अंगण ओलांडून घराच्या ओटीवर पानं मांडली होती. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. "आमच्या हातचं चालतंय ना गो तुला?" शांतीमावशीने विचारलं, आणि सुमय्या म्हणाली, "सुकट आमच्याकडं पण हीच असते मावशी, तिखट मात्र तुमची जास्त." मावशी खूश झाली. सुशील समोर बसला. मावशीने वाढलं, मग "आलेच" म्हणून कारखान्याकडे गेली, आणि दोन मिनिटांत हात झटकत परत आली.

"कुठे गेला होतात?"

"कुठं नाय. तू जेव निवांत."

सुमय्याने भाकरीचे आणखी चार घास खाल्ले. पाचवा घास हातातच राहिला. पंधरा मिनिटं झाली असतील. ती तशीच उष्ट्या हाताने उठली, अंगण ओलांडलं आणि शेडच्या दारात थबकली.

टेबल नव्हतं. टेबलाच्या जागी प्लास्टिकचा एक ढीग होता. मूर्तींवर असतो तोच जाड कागद, वरून खाली पार जमिनीपर्यंत सोडलेला, कडा आत दुमडून त्यांच्यावर फुटक्या साच्याचे तुकडे ठेवलेले, आणि मधून सुतळीचा एक फेरा, नीट गाठ मारलेला. स्क्रीन, कीबोर्ड, मशीन सगळं त्याच्या पोटात. आतून पंख्याचा आवाज येत होता. सकाळचा संथ आवाज नव्हे, कोंडलेला, चढत जाणारा.

सुमय्याचा हात पुढे गेला. तिच्या हातचं मशीन आत भाजत होतं, एका झटक्यात कागद ओढता आला असता. तिने हात मागे घेतला. ओढला तर उद्या पुन्हा "बोर्ड गेलाय" ऐकावं लागलं असतं. डाव्या हाताने तिने फोन काढला आणि चित्रण सुरू केलं. प्लास्टिकमधून स्क्रीनवरचा आकडा अंधुक दिसत होता. चौऱ्याण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव. पंखा किंचाळायला लागला. नव्याण्णव. आणि मग पंखा गप्प झाला, गणपतीचा चेहरा विझला, आणि पत्र्याच्या शेडमध्ये घासणाऱ्या बायकांच्या पॉलिश पेपरचा आवाज तेवढा उरला.

"पडला!" ती एवढ्या जोरात ओरडली की बायका दचकल्या. "सुशीलभाऊ! मावशी! पडला बघा!"

एखादं मशीन बंद पडल्याचा इतका आनंद कुणाला झाल्याचं हमरापुरात कुणी पाहिलं नसेल. सुशील धावत आला, मागोमाग मावशी. सुमय्याने कागद सोडवला आणि सुशीलचा हात धरून मशीनवर ठेवला. त्याने चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"त्याला श्वास नको का घ्यायला? चालू मशीन आहे हे. आतली गरम हवा बाहेर टाकतं, बाहेरची आत घेतं. तुम्ही त्याला गाठोड्यात बांधलंत. गरम झालं, जळायच्या आधी स्वतःच बंद झालं. शहाणं आहे म्हणून वाचलं!"

सुशीलने आईकडे पाहिलं आणि त्याचा आवाज चढला. "आये! तू? आठ महिने माझ्या डोक्याला ताप, गिऱ्हाइकं गेली, रोह्याला खेपा घालून जीव गेला, आणि तू..."

"मावशींवर ओरडायचं नाय!" सुमय्या त्याच्यापेक्षा वर चढली. "मावशी एकट्या झाकतात का? तुम्ही नाय झाकत? खरं सांगा."

सुशील गोंधळला. "झाकतो ना. आज तुमच्याबरोबर निघालो म्हणून राहिलं, नायतर उठताना झाकतोच. सगळंच झाकतो आम्ही, नायतर धूळ..."

"मग काल मी विचारलं तेव्हा काय बोललात? वेगळं काय करणार?"

"झाकणं हे काय वेगळं झालं का मॅडम?"

या शेडमध्ये जन्माला आलेल्या माणसाला झाकणं म्हणजे दार लावून घेण्यासारखं होतं. आणि पाहुणा दिसला की आधी प्लास्टिक निघायचं, म्हणून ते तिला कधी दिसलं नव्हतं.

शांतीमावशी टेबलाशी आली आणि विझलेल्या स्क्रीनसमोर उभी राहिली. "धुळीचं राहू दे," ती म्हणाली. "डोळे आखले की गनपती उघडा टाकत नाय आमी. गिऱ्हाईक न्यायला येईल तवाच तोंड उघडायचं. सासूनं शिकवलं मला. मग तो मातीचा असो नायतर ह्याच्यातला." तिने उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता, आणि या वेळी तिने लपवला नाही. "दोन वर्षं झाली, ब्रश धरता येत नाय. ह्यानं माझ्या जुन्या मूर्तींचे फोटू काढले, तेच डोळे ह्याच्यात बसवतो. ते डोळे माझे हायत गो. मी ते उघडे नाय टाकनार. तुजं मशीन बंद पडो का जळो."

सुमय्याला एकदम तिच्याबद्दल माया वाटली. ही बाई आपल्याच जातीची आहे असं तिच्या मनात आलं. कुणी काही म्हणो, आपलं टेबल सोडायची नाही ती.

"उघडे नका टाकू," ती म्हणाली. "डोळे ह्या स्क्रीनमध्ये आहेत ना? स्क्रीन झाका. मऊ कापड टाका वरून. पण खालच्या डब्याला हात लावायचा नाय. तोंड झाका मावशी, नाक मोकळं सोडा."

"आनि धूळ शिरली म्हंजे?"

"शिरू दे. महिन्यातून एकदा मी येईन, उघडून साफ करून देईन. धूळ मला काढता येते. जळलेलं मशीन जोडता येत नाय."

मावशी घरात गेली आणि धुतलेल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन आली. सुशीलने मशीन सुरू करून चित्र पुन्हा शिजायला लावलं. मावशीने स्क्रीनवर कापड सोडलं, टोकं सारखी केली, आणि सुमय्याला म्हणाली, "आता चल. ताट तसंच टाकून आलीस."

सुमय्या गेली. पोटभर जेवली, सुकट दुसऱ्यांदा घेतली आणि मशीनकडे एकदाही बघायला आली नाही. साडेतीनला सुशीलने कापड वर केलं तेव्हा चित्र पुरं झालं होतं आणि आकडा बाहत्तरवर होता. तो नुसता मान हलवत राहिला. मावशी म्हणाली, "शिजला ना? मग झाक परत."

सुमय्या रोह्याला पोचली तेव्हा साडेसात वाजून गेले होते. दुकानाचं अर्धं शटर खाली आलं होतं. आत टेबलावर आदर्श बसला होता. खण उघडा, आणि खालिदने आणलेला स्क्रू-ड्रायव्हरचा सेट त्याच्यासमोर पसरलेला.

सुमय्याने फोनवर पाठवलेलं चित्रण हैबतरावांनी पाहिलेलं होतं. ते खुशीत दिसत होते. "वा, वा! प्लास्टिक! कमाल लोक आहेत. चल, आता वहीत लिही: पॉवर सप्लाय खराब, बदलून दिला. आणि मिटवून टाक."

"पॉवर सप्लाय चांगला होता, शेठ."

"अगं, ते मला कळतं. पण काल चार माणसांसमोर मी बोर्ड गेलाय म्हटलंय. आता प्लास्टिक म्हटलं तर लोक काय म्हणतील? काहीतरी गेलेलं पाहिजे."

"काही गेलेलं नाय."

तिने वही ओढली आणि उभ्या उभ्याच, कालच्या नोंदीखाली लिहिलं. लिहून वही त्यांच्याकडे फिरवली. हैबतरावांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"मशीनमध्ये दोष नव्हता. चालू मशीन झाकलं जात होतं. आत तीनदा स्वच्छ दिसलं, तरी एवढं स्वच्छ का, हे दोनदा विचारलं नाही. ती चूक माझी. सुमय्या." त्यांनी चष्मा काढला. सापडलं एकदाचं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "म्हणजे चूक तुझी होती. तूच लिहिलंस. मग आता टेबल कुठल्या तोंडाने मागतेस?"

"मागत नाय मी," सुमय्या म्हणाली. दिवसभराचा प्रवास, धूळ, ऊन, सगळं तिच्या अंगावर होतं आणि आवाज मात्र अजिबात थकलेला नव्हता. "त्या टेबलावर बसून मी चुकले, आणि माझी चूक मीच शोधून काढली. त्या टेबलाचं काम तेच आहे. बोर्ड गेलाय म्हणायला टेबल लागत नाय शेठ, ते काउंटरवरून पण म्हणता येतं."

मग ती आदर्शकडे वळली. "ऊठ."

आदर्शने मामाकडे पाहिलं. मामा वहीकडे बघत होता. बाहेर एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. आदर्श उठला, आणि उठताना त्याने स्वतःहून स्क्रू-ड्रायव्हर गोळा करून डबीत ठेवले. दोन चुकीच्या जागी गेले. सुमय्याने ते काढून आपापल्या जागी लावले, केसांतली पांढरी धूळ झटकली आणि बसली. शाळेच्या ऑफिसातून आलेलं एक मशीन दोन दिवसांपासून भिंतीला टेकून उभं होतं. तिने ते ओढून घेतलं आणि पहिला स्क्रू सोडवायला घेतला.

हैबतराव शटरची चावी हातात घेऊन काउंटरशी उभे होते. निघायची वेळ झाली होती, पण ते निघाले नाहीत. त्यांनी एकदा घसा खाकरला, एकदा चावी खाली ठेवली. मग दोन पावलं टेबलाच्या दिशेने आले.

"काय झालंय गं त्याला?" त्यांनी विचारलं.

सहा वर्षांत या माणसाने तिला निकाल सांगितले होते, निकालाआधी विचारलं काहीच नव्हतं. सुमय्याने मान वर केली नाही.

"उघडून बघते," ती म्हणाली. "थांबा जरा."